पायल खोब्रागडे, पूर्ण नावानं

फॉर्म पायलनं भरलाच नव्हता. तो भरला तिच्या आईनं, शेवंतानं, आणि तोही एका ब्लाउजचं माप घेता घेता.

रायपूरच्या गुढियारीत, रेल्वेच्या मालधक्क्यामागे, खोब्रागड्यांचं दोन खोल्यांचं घर. हरिदास वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आला आणि इथलाच झाला. शेवंता घरी शिलाई करायची. छत्तीसगढ हे नवं राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. रायपूरच्या लोकांना राजधानी या शब्दाची इतकी नवलाई होती की मिठाईवाल्यापासून सायकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी आपल्या पाटीवर तो चढवून घेतला होता. त्याच भरात बूढापाऱ्यातल्या बायकांच्या एका मंडळानं 'मिस राजधानी' नावाची स्पर्धा ठेवली. मंडळाच्या प्रेमलादीदी शेवंताकडे ब्लाउज शिवायला यायच्या. माप देता देता त्या म्हणाल्या, "बारह लड़कियाँ चाहिए, नौ ही आई हैं। अच्छे घर की लड़कियाँ आगे ही नहीं आतीं."

शेवंतानं तोंडातल्या टाचण्या काढून हातावर ठेवल्या. "आमची येईन," ती म्हणाली. "लिहा नाव. पायल हरिदास खोब्रागडे."

पायल तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी घरी आली तर शिलाई मशीनवर निळं साटीन पडलेलं.

"आई, मले काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हटली असती. म्हणून नाही विचारलं."

पायल धुसफुसली, जेवली नाही, आणि सकाळी उठून माप द्यायला उभी राहिली. वर्तमानपत्रातला एक फोटो समोर ठेवून शेवंतानं तीन दुपारी खपून गाऊन शिवला. उंच टाचेचे सँडल शेजारच्या विमलाकडून मागून आणले. ते एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे कापूस कोंबला. ओसरीवर चालायचा सराव सुरू झाला की गल्लीतल्या बाया भाजी निवडायचं निमित्त करून समोर येऊन बसायच्या आणि आपसांत भांडायच्या. कुणाचं म्हणणं मान वर पाहिजे, कुणाचं म्हणणं नजर खाली पाहिजे. हरिदासला मात्र कुणी काही सांगितलं नाही. तो घरी यायच्या आधी सँडल पिंपामागे जायचे.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. शेवटच्या फेरीत सगळ्या मुलींना एकच प्रश्न होता, नव्या राजधानीसाठी तुम्ही काय कराल. कुणी गरिबांची सेवा करणार होती, कुणी जगात शांतता आणणार होती. पायलच्या हातात माइक आला तेव्हा पाठ केलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं होतं. ती म्हणाली, "हमारे मोहल्ले के रास्ते में पुल के नीचे पानी भर जाता है। बरसात में मैं चप्पल हाथ में लेकर कॉलेज जाती हूँ। सबसे पहले वो पानी निकलवाऊँगी."

आधी लोक हसले. मग मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, त्या पुढपर्यंत आल्या. मागे बसलेले सगळे त्याच पाण्यातून आले होते.

ती तिसरी आली. खांद्यावर पट्टा, हातात फुलं आणि बक्षिसाला एक मिक्सर. हरिदास पाळी संपवून घरी आला तर ओट्यावर मिक्सर.

"हे कोठून आलं?"

"पायलनं जिंकलं," शेवंता भाकरीवरची नजर न काढता म्हणाली.

"कायच्यात?"

तव्यावरची भाकरी उलटून झाली. मग शेवंता म्हणाली, "दिसण्यात."

हरिदासनं हातपाय धुतले, जेवला, झोपला. पायलला वाटलं, आता उद्या होतंय काय ते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सोबत्यांनी त्याच्यापुढे वर्तमानपत्र धरलं. आतल्या पानावर तीन मुलींचा फोटो होता. घरी येताना त्यानं स्वतःसाठी एक अंक विकत घेतला, चष्मा लावून फोटोखालची ओळ दोनदा वाचली आणि घडी करून आपल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली. "नाव बरोबर छापलं," तो एवढंच म्हणाला. त्याच्या नोकरीच्या कागदांवर साहेब लोकांनी त्या आडनावाचे किती प्रकार केले होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तोच फोटो बिसाहू वर्मानं पाहिला. राज्य नवं होतं तसा छत्तीसगढी सिनेमाही नव्यानं उभा राहत होता. ज्यानं लग्नाचे व्हिडिओ काढले होते तोही दिग्दर्शक व्हायला निघाला होता. बिसाहू त्यांच्यातलाच एक, पण मनाचा सरळ. तो घरी आला, चटईवर मांडी घालून बसला आणि हरिदासला म्हणाला, "भैया, शूटिंग आरंगच्या बाजूला आहे. वहिनींना रोज सोबत पाठवा. मुलगी जशी येईल तशी परत आणून सोडीन."

शेवंता सोबत जायला एका पायावर तयार होती. हरिदासनं पायलकडे पाहिलं. "तुले करायचं हाय का?"

स्पर्धेचं तिला कुणी विचारलं नव्हतं. हे बापानं विचारलं. "हव, बाबा," ती म्हणाली.

पहिल्या सिनेमाचं शूटिंग म्हणजे धुरळा, ऊन आणि शेताचे बांध. बांधावर नाचताना ती दोनदा चिखलात पडली. लुगडं नेसून डोक्यावर टोपली घेऊन चालणं सँडलवरच्या चालीपेक्षा सोपं गेलं. अडचण झाली ती बोलण्याची. घरात नागपूरकडची मराठी, कॉलेजात हिंदी. छत्तीसगढी तिला कळायची, पण तोंडात बसायची नाही. हिरोशी बोलताना छत्तीसगढी 'मोला' म्हणायचं तिथं घरचं 'मले' निघायचं आणि सगळं युनिट हसायचं. हिरो होता विशाल, दुर्गचा, नाटकातून आलेला, हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बिसाहूनं तिची समजूत घातली. "तू फक्त ओठ हलव, दीदी. आवाज आपण नंतर बघू."

नंतर म्हणजे काय हे तिला टॉकीजमध्ये कळलं. पहिल्या खेळाला अर्धी गुढियारी आली होती. पडद्यावर ती आली आणि शिट्ट्यांनी छत उडालं. मग तिनं तोंड उघडलं आणि आतून दुसरीच बाई बोलली. रेडिओवर गाणी म्हणणाऱ्या सरिता नावाच्या बाईचा आवाज होता तो, गोड, मुरलेला. पायलच्या शेजारी शेवंता अंधारात कुजबुजली, "आवाज कोनाचा हाय हा?"

बाहेर पोस्टरपाशी हरिदास थांबला. पोस्टरवर मोठ्या लाल अक्षरांत फक्त 'पायल' लिहिलं होतं. "आडनाव कुठं गेलं?" त्यानं विचारलं. बिसाहू म्हणाला, नाव लांब होतं, मावलं नाही. हरिदासनं मान हलवली. लोक पायलभोवती गोळा होत होते, कुणी वहीवर सही मागत होतं. तिनं पहिल्या वहीवर सही करायला घेतली आणि किती नाव लिहावं ते तिला सुचेना.

सिनेमा चालला. पुढच्या आठवड्यापासून पायल रोज सकाळी गुढियारीच्या बाजारात जाऊन सुकवारोबाईपाशी बसू लागली. सुकवारोबाई पलीकडच्या खेड्यातून भाजी घेऊन यायची. तिला मराठी येत नव्हती आणि हिंदी बोलायची हौस नव्हती. बोली शिकायला आले असं पायलनं सांगितलं तेव्हा तिनं लाल भाजीची जुडी पुढे सरकवली. "बइठना हे त भाजी निमार."

पायल भाजी निवडू लागली. पहिले काही दिवस ती नुसती ऐकायची. एक दिवस सुकवारोबाई वैतागली. "गोठियाबे तभे त आही! लाज लागथे का?" बोललीस तरच येईल, लाजतेस कशाला. मग पायल बोलू लागली, चुकू लागली. गिऱ्हाइकं थांबून बघायची. सिनेमातली बाई भाजी विकते आहे, ही बातमी बाजारभर झाली आणि सुकवारोबाईची टोपली दहाच्या आत रिकामी होऊ लागली. सहा महिन्यांनी एका गिऱ्हाइकाशी पायलचं भावावरून कडाक्याचं वाजलं, आणि तो निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की सगळं भांडण छत्तीसगढीत झालं होतं. सुकवारोबाई पदरात तोंड लपवून हसत होती.

दुसऱ्या सिनेमाचा कागद घेऊन बिसाहू आला तेव्हा पायलनं दोन गोष्टी सांगितल्या. आवाज माझा असेल. नाव पूर्ण असेल.

आवाजाला त्यानं लगेच हो म्हटलं. नावाशी मात्र तो अडखळला. "इतना बड़ा नाम पोस्टर पर कैसे आएगा, दीदी?"

"पोस्टर बड़ा बनवा लो, भैया."

तो हसला, पण डोळे खाली. चहा थंड होईपर्यंत कप हातात फिरवत राहिला. मग खरं काय ते म्हणाला. पैसा लावणाऱ्या शेठचं म्हणणं होतं, आडनाव कळलं की लोक जात विचारतात. हिरोईनची कुणी जात विचारू नये. नुसतं पायल गोड वाटतं.

हरिदास आतल्या खोलीत वाचत बसला होता. पान उलटल्याचा आवाज थांबला.

"विचारू द्या, भैया," पायल म्हणाली. "आमच्या घरी लपवायची पद्धत नाही."

तो सिनेमा दुसऱ्या मुलीला मिळाला. त्याच्यानंतरचाही. शेवंता आतून खचली होती. हौस तिची होती, म्हणून दोष आपलाच असं तिला वाटायचं. एकदा ती बोलून गेली, "नाव नसतं लिहिलं तर काय बिघडलं असतं वं? तोंड तर तुझंच होतं." पायल चिडली नाही. तिलाही रात्रंदिवस तेच वाटत होतं. तिनं एम.ए.ला नाव घातलं, एका ब्युटी पार्लरमध्ये काम शिकली, नवरी मुलींच्या बहिणींचे केस बांधले. लोक आरशातून तिच्याकडे बघून विचारायचे, "आप वही हो न?" आणि ती म्हणायची, "हव, वही."

दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी बिसाहू घामाघूम होऊन पार्लरच्या दारात उभा. मुंबईहून आणलेली हिरोईन तिसऱ्याच दिवशी ऊन सोसेना म्हणून निघून गेली होती. युनिट गावात अडकलं होतं.

"नाव?" पायलनं हातातला कंगवा न ठेवता विचारलं.

"पूरा," तो म्हणाला. "शेठला सांगितलं, नाहीतर माझंही काढून टाका."

पोस्टर लागलं त्या दिवशी हरिदास पाळी संपल्यावर घरी आला नाही. शेवंतानं पायलला शोधायला पाठवलं. तो बसथांब्यासमोर सायकल टेकवून उभा होता. समोरच्या भिंतीवर 'पायल खोब्रागडे', दोन ओळींत, विशालच्या नावाहून लांब. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडे तो अशा नजरेनं बघत होता की जणू भिंत त्यानंच बांधली होती.

"चला ना, बाबा. आई वाट पाहून राहिली."

"थांब," तो म्हणाला. "तो माणूस वाचून राहिला. त्याचं होऊ दे."

सिनेमा चालला का? चांगला चालला. कुणी जात विचारली का? काहींनी विचारलीही, आणि तिकीट काढून आत गेले. पुढच्या सहा वर्षांत पायलनं अकरा सिनेमे केले. ती नावाजली म्हणजे काय, तर जगदलपूरच्या बाजारात बांगडीवाली तिच्याकडून पैसे घेईना, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत तिला पुढच्या गाडीवर बसवू लागले. मुंबईलाही जाऊन आली ती. तीन महिने राहिली, एका मालिकेत लग्नाच्या गर्दीत उभी राहिली, तिथं तिला एक वाक्य होतं तेही कापलं गेलं. परत आली तेव्हा स्टेशनवर हमालानं तिला ओळखलं आणि सामान उचलता उचलता तिचाच संवाद म्हणून दाखवला. घरी येऊन ती आईला म्हणाली, "मले इथंच बरं वाटते."

लग्न झालं अश्विनशी. तो मंत्रालयात क्लार्क. मराठी कळायची, उत्तर हिंदीत द्यायचा. बघायला आला तेव्हा त्यानं तिचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता आणि हे त्यानं फार घाबरत कबूल केलं. शेवंताला ते आवडलं नाही. पायलला फार आवडलं. मंत्रालय नव्या रायपूरला गेलं तसे ते दोघंही तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. रुंद मोकळे रस्ते, दिवसाला मोजक्या बसेस, आणि शेजारी कोण राहतं ते महिनाभर कळलं नाही. मुलगी झाली, राधिका. पायलनं अडीच वर्षं काम केलं नाही.

त्यानंतर बिसाहूचा फोन आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. आडवळणानं बोलत बोलत तो मुद्द्यावर आला. रोल चांगला होता, सिनेमाचा कणाच होता. हिरोच्या आईचा.

"हिरो कोण?"

बिसाहू खाकरला. "विशाल."

पायल बत्तीस वर्षांची होती. विशाल तिच्याहून चार वर्षांनी मोठा. याच विशालबरोबर ती बांधावरून नाचली होती, सहा सिनेमांत त्याच्यासाठी रडली होती. तिनं फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. अश्विन दारात आला. "मना कर दो," तो म्हणाला, "अगर मन नहीं है." मन नव्हतं असंही नव्हतं, आणि होतं असंही नव्हतं. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी गुढियारीला आईकडे गेली.

शेवंता काज करत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "आई व्हाची लाज कायची? तू झाली तेव्हा मी वीस वर्षांची होती. मी म्हातारी होती का?"

"तसं नाही, आई. लोक म्हणतील, संपली पायल."

"म्हनतील. मंग तू काम करशीन, त्यायले दिसंन." आणि जरा थांबून, "पांढरे केस नीट लावजो म्हना. मागं एका सिनेमातल्या बाईच्या डोक्यावर कापूस ठेवल्यासारखा वाटे."

पहिल्याच दिवशी पाया पडायचा सीन होता. मुलगा सैन्यातून घरी येतो, आई अंगणात तांदूळ निवडते आहे, तो वाकतो. विशाल वाकला, वर पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. पायलनं ओठ चावून धरले, पण खांदे हलत होते. बारा वेळा तो सीन घेतला. बाराव्या वेळी बिसाहूनं डोक्याला हात लावला आणि सगळ्यांना चहा सांगितला. झाडाखाली बसल्यावर विशाल हसायचा थांबला. "बुरा तो नहीं लगा तोला?" त्यानं हळूच विचारलं. पायल म्हणाली, लागलं होतं. चार दिवस लागलं होतं. आता तू आणखी एकदा हसलास तर मुलगा म्हणून कानाखाली देईन. चहानंतरच्या पहिल्याच वेळी सीन झाला. विशालच्या डोक्यावर हात ठेवताना तिला सीनमध्ये नसलेलं काहीतरी सुचलं. तिनं त्याच्या केसांतलं भाताचं कुसळ काढलं आणि मगच आशीर्वाद दिला. बिसाहूनं ते तसंच ठेवलं.

त्या सिनेमानं तिला जे दिलं ते हिरोईन असताना मिळालं नव्हतं. बाया येऊन तिचे हात धरायच्या, आपल्या दूर गेलेल्या मुलांबद्दल बोलायच्या. तिच्या वयाच्या आणि तिच्याहून मोठ्याही बाया तिला दाई म्हणू लागल्या, दाई म्हणजे आई. पहिल्यांदा तिला कसंतरी झालं, मग सवय झाली, मग कुणी दीदी म्हटलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

कामं येत राहिली. अश्विनला कचेरी, राधिकेला शाळा. मग रिटायर झालेला हरिदास तिच्याबरोबर शूटिंगला जाऊ लागला. बाप्या माणूस, पण डबा भरून घेण्यापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं चोख. सावलीत खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसायचा आणि पायलचा सीन आला की बोट घालून पुस्तक मिटायचा.

मागल्या एका सिनेमात पायल गावची सरपंच होती. पंचायतीतल्या म्हाताऱ्यांना ती भरसभेत फैलावर घेते, शाळेची जमीन गिळल्याबद्दल, असा सीन. आयत्या वेळी एक म्हातारा कमी पडला. बिसाहूची नजर खुर्चीकडे गेली. हरिदास नको नको म्हणेपर्यंत त्याच्या डोक्याला पागोटं बांधून झालं होतं.

"काही करायचं नाही, भैया," बिसाहूनं समजावलं. "बोलायचं नाही. ती रागावली की मान खाली घालायची. शरमेनं."

कॅमेरा सुरू झाला. पायल उठली. तिचा आवाज आधी हळू होता, मग चढत गेला. एकेका म्हाताऱ्यासमोर थांबून ती बोलत गेली आणि एकेक मान खाली गेली. हरिदासची मान मात्र वर. डोळे तिच्यावर, आणि तोंडभर हसू.

"कट! भैया, मान!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली खरी, पण पायल बोलू लागताच ती आपोआप वर आली. पायल कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही चोर आहात. जमीन खाल्ली तुम्ही शाळेची. काहून हासून राहिले?"

"मी कुठं हासून राहिलो?" हरिदास खरोखरच गोंधळून म्हणाला.

सूर्य कलत होता. बिसाहूनं कॅमेरावाल्याकडे पाहिलं, कॅमेरावाल्यानं खांदे उडवले, आणि चौथ्यांदा जे झालं ते तसंच ठेवलं.

सिनेमा लागला तेव्हा पहिल्या खेळाला खोब्रागडे मंडळी पुढच्या रांगेत होती. शेवंताच्या मांडीवर राधिका. सरपंचबाई गरजत होती, टॉकीज चिडीचूप, पंच माना खाली घालून बसलेले, आणि त्यांच्यामध्ये चष्म्यातून एक म्हातारा आनंदानं तिच्याकडे बघत होता. बाकी प्रेक्षकांना ते दिसलंही नसेल. पण मागच्या बाजूला गुढियारीची माणसं बसली होती. तिथून पहिली शिट्टी आली, मग दुसरी. शेवंता खाली मान घालून खुदुखुदु हसत होती. हरिदासनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"बरं केलं तिनं काम," तो शेजारी अश्विनला म्हणाला.

"जी, बाबा," अश्विन म्हणाला. "आपने भी."